खाते जुळत नाही तेव्हा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, साताऱ्याहून रेल्वेने भिलवडीला उतरून औदुंबरी पादुकांचे दर्शन घ्यायचे, हा आम्हा उभयतांचा दत्तजयंतीचा नेम. गेल्या आषाढात ही दत्तचरणी लीन झाली. यंदा तिच्या जागी नातू आला.

कृष्णेच्या घाटावर त्याने विचारले, "आजोबा, इथे पादुकांची पूजा का?" मी म्हटले, "अरे, पाऊल उमटलंय म्हणजे चालणारा होऊन गेला."

"मग हे आमच्या डार्क मॅटरसारखंच!" म्हणाला. शास्त्रात त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. सूर्याजवळचा बुध सेकंदाला सुमारे 47 किलोमीटर धावतो, दूरचा नेपच्यून जेमतेम 5. अंतर वाढले की वेग घटतो. पण 1970 साली व्हेरा रुबिनबाईंनी देवयानी दीर्घिकेचा वेग मोजला, तर कडेचेही तितक्याच वेगाने फिरत होते! दिसणाऱ्या ताऱ्यांच्या ओढीने ते धरून राहणे शक्य नव्हते. म्हणजे न दिसणारे द्रव्य हवे, आणि तेही दिसणाऱ्याच्या सुमारे पाचपट. ते कशाचे आहे, अजून कळलेले नाही.

मी बँकेतला कारकून, मला हे लगेच पटले. ताळेबंद जुळला नाही तर आम्ही फरक सस्पेन्स खात्यात टाकायचो आणि शोधत बसायचो. आकडा ओढूनताणून जुळवणे हे पाप.

"मग तेच देव का, आजोबा?" होय म्हणायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण सज्जनहो, द्रव्य ते द्रव्यच. उद्या ते सापडेल. देवाला सस्पेन्स खात्यात बसवू नये. फरक सापडला की ते खाते शून्य होते.

मला मात्र दुसराच फरक सापडला. चाळीस वर्षे घरचा जमाखर्च मी लिहिला. त्यात हिचे नाव कुठेच नाही. दर दिवाळीला सांगली-पुण्याहून मुले-सुना यायच्या, ते मला घरचे वळण वाटे. यंदा कोणीच आले नाही, आणि कळले, ती कोणाची ओढ होती.

पादुकांवर डोके ठेवून एवढेच मागितले, की ती ओढ थोडी माझ्यातही येऊ दे. येताना नातवाकडून सगळ्यांना फोन लावून घेतले.

तुमच्या वहीत जिचे नाव नाही, तिला आजच दोन शब्द बोला. मी उशीर केला.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥