सोबत

२०२३ साली आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या. तो दिवस माझ्या मनात राहिला आहे तो एका निराळ्याच कारणाने. आमच्या शेजारच्या आपा तेव्हा मक्केत होत्या, आणि घरचा एकही पुरुष त्यांच्याबरोबर नव्हता.

स्त्रीने हजला जावे ते महरमबरोबर, म्हणजे पती किंवा ज्याच्याशी विवाह निषिद्ध आहे असा बाप, भाऊ, मुलगा यांच्यासोबत, असा जुना दंडक. त्यावर शास्त्र्यांचेही एकमत नाही. हनफी पंथ महरमचा आग्रह धरतो. आपल्या कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई. आयुष्यात एकदा करायच्या हजला त्या पंथात भरवशाच्या बायकांची सोबत पुरते. ज्यांच्या पंथाला हे मान्य आहे अशा ४५ वर्षांवरील स्त्रियांना किमान चौघींच्या गटाने जाण्याची मुभा भारत सरकारने २०१८ च्या हजपासून दिली. २०२३ मध्ये महरमविना गेलेल्या स्त्रिया ४,००० हून अधिक होत्या.

निघण्यापूर्वी आपा म्हणाल्या, "भाऊ, धनी गेले, पोटी दोन मुलीच. मग अल्लाच्या दारी मी जायचंच नाही का?"

हा दंडक कुणी दुष्टाव्याने घातला असे मला वाटत नाही. उंटांचे तांडे, वाटमारी, वाळवंटातला महिनोन्‌महिन्यांचा प्रवास. त्या काळी राखण ही मायाच होती. पण भय सरले तरी राखण उरते, आणि राखणदार नसला की वाटच बंद होते. गंमत पाहा! हजमध्ये सफा आणि मरवा या टेकड्यांमधून स्त्री-पुरुष सारेच सात फेऱ्या घालतात, त्या हाजराच्या आठवणीने. तान्ह्या इस्माइलसाठी पाणी शोधत ती तिथे एकटीच धावली होती.

पण दुसऱ्याच्या घराकडे मी बोट कशाला दाखवू? माझ्या आईला एकदा पायी वारी करायची होती. "एकटी कशी जाशील? पुढच्या वर्षी मी येतो," असे मी दर वर्षी म्हणे. गावच्या दिंडीत तिच्या वयाच्या कितीतरी बाया होत्या. तिचे काही अडत नव्हते. सोडवत नव्हते ते मला. त्या काळजीत माया किती आणि मालकी किती, हे मी कधी तपासून पाहिले नाही. आई वारी न करताच गेली.

आपा परत आल्या. झमझमचे पाणी आणि मूठभर खजूर घेऊन स्वतः घरी आल्या. त्यातला एक खजूर मी आईच्या तसबिरीपुढे ठेवला.