मुक्या जिवाला दगड का मारायचा नाही?



रस्त्यात झोपलेल्या कुत्र्याला मुलाने दगड मारला, तर आपण त्याला काय सांगतो? बहुतेक वेळा, "चावेल तो!" म्हणजे चावत नसता, तर मारायला हरकत नव्हती. ही भीती खोटी नाही. खाणाऱ्या कुत्र्याजवळ, पिल्ले असलेल्या कुत्रीजवळ जाऊ नये, हे मुलांना शिकवलेच पाहिजे. अंतर राखणे हाही आदरच. पण ते आपल्या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस ह्यांनी याहून चांगले उत्तर दिले: प्राण्यांशी क्रूरपणे वागणारा पुढे माणसांशीही तसाच वागू लागतो. पाचशे वर्षांनी जर्मन तत्त्ववेत्ते कांट ह्यांनीही जवळपास हेच मांडले. शाळेतही बहुधा हेच शिकवतात. हे खरे आहे, पण आम्हांला ते अपुरे वाटते. दुखते कुत्र्याला, आणि काळजी मात्र आपल्या स्वभावाची!

मुलाला दुसरे उत्तर आधी कळते: "त्याला दुखतं रे." जुना करारही असाच सरळ बोलतो. सातव्या दिवसाची विश्रांती बैलाला आणि गाढवालाही आहे (निर्गम २३:१२). मळणी करणाऱ्या बैलाचे तोंड बांधायचे नाही (अनुवाद २५:४). योनाच्या पुस्तकाचा शेवट तर जरूर वाचावा. निनवेवर दया का करू नये, असे विचारताना परमेश्वर तिथल्या गुराढोरांचीही आठवण देतो. इतर जिवांना देवाच्या दृष्टीने स्वतःचे मोल आहे, हे पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात स्पष्ट केले.

मग मुले विचारतात, "फादर, आपण कोंबडी का खातो?" हा प्रश्न टाळू नये. अन्नासाठी प्राणी मारायला ख्रिस्तसभेची मनाई नाही. पण त्यांना विनाकारण यातना देणे वा मारणे मानवी प्रतिष्ठेविरुद्ध आहे, असे कॅटेकिझम सांगतो (परिच्छेद २४१८). 'विनाकारण' हा शब्द आपल्याला जड जाणारा आहे. सणाच्या आदल्या दिवशी पाय बांधलेल्या कोंबड्या स्कूटरच्या हँडलला उलट्या लटकत घरी येतात आणि मागे आपले मूल बसलेले असते. ते लटकवणे कशासाठी? टोपली न्यायचा कंटाळा, एवढेच.

धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही मुलांना हे सांगणार आहोत. ती घरी येऊन विचारतील, तेव्हा रागावू नका.