तीन पिढ्यांचा ट्रॅक्टर

ट्रॅक्टरचे आयुष्य कारखान्यातच ठरते, ही समजूत अपुरी आहे. महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर व व्होल्टास यांनी 1963 मध्ये स्थापन केलेल्या कंपनीचा, मुंबईच्या कांदिवलीत तयार झालेला बी-275 असो वा टाफेचा मॅसी फर्ग्युसन 1035, हे जुने ट्रॅक्टर दीर्घकाळ टिकले ते झिजणारा भाग बदलण्याची सोय त्यांच्या रचनेत होती आणि ती वापरण्याचे ज्ञान शेतकरी कुटुंबांनी व गावच्या मिस्त्रींनी आत्मसात केले म्हणून.

इंजिनाचा मोठा शत्रू धूळ. नांगरटीत आणि मळणीत ट्रॅक्टर धुळीतच उभा असतो. अशा वेळी तेलाचा एअर क्लीनर, म्हणजे तळाशी तेलाची वाटी असलेली हवा गाळण्याची योजना, आत ओढल्या जाणाऱ्या हवेतील माती तेलात अडवून धरते. वाटीतले तेल चिखलासारखे घट्ट झाले तरी बदलले नाही, तर माती सिलिंडरपर्यंत पोहोचते, लायनर आणि रिंगा घासल्या जातात, ऑइल जळून निळसर धूर येऊ लागतो आणि अखेर इंजिन ‘बांधावे’ लागते, म्हणजे ते पूर्ण उकलून झिजलेले भाग नवे बसवावे लागतात. हजारोंचा हा खर्च वाटीभर तेल वेळेवर बदलल्याने कित्येक वर्षे लांबतो. डिझेल संपून नळीत हवा शिरली, तर फिल्टरवरचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारून ‘एअर काढणे’ हेही घरातल्या तरुणाला वडिलांशेजारी उभे राहूनच येते, आणि वाटण्यांत जमिनीचे तुकडे पडले तरी अनेक ठिकाणी ट्रॅक्टर भावाभावांत सामाईक राहतो, तो याच सामाईक जाणकारीच्या आधारावर.

1 जानेवारी 2023 पासून 50 अश्वशक्तीपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरांना ट्रेम-4 हे धुराच्या प्रदूषणाचे कठोर निकष लागू झाले. ते पाळण्यासाठी इंधनपुरवठ्यावर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले. हवा स्वच्छ राहणे आवश्यकच आहे, परंतु या नियंत्रणातला बिघाड ओळखण्याचे साधन केवळ कंपनीच्या हाती राहिले, तर शेतकरी यंत्राचा मालक असूनही त्याच्या दुरुस्तीबाबत परावलंबी होतो. केंद्र सरकारने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार सुरू करताना शेती-अवजारांचाही त्यात समावेश केला, हे योग्यच झाले. आता उत्पादकांनी सुटे भाग दीर्घकाळ उपलब्ध ठेवावेत आणि दुरुस्तीची पुस्तिका मराठीत, गावच्या मिस्त्रीला वाचता येईल अशी द्यावी.