सामाईक देणे, स्वतंत्र चारित्र्य

अमेरिकेत कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ग्रीन कार्ड, मिळालेल्या व्यक्तीला सर्वसाधारणपणे पाच वर्षांनी, आणि अमेरिकी नागरिकाशी विवाह होऊन त्याच्यासोबत संसार चालू असेल तर तीन वर्षांनी, नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. मात्र या काळात आपले नैतिक चारित्र्य चांगले होते, हे दाखवून देण्याची जबाबदारी अर्जदारावरच असते. करविवरणपत्र न भरणे किंवा कर थकवणे या दोन्ही गोष्टी या कसोटीत अर्जदाराच्या विरोधात जाऊ शकतात. कर स्वतःचा असेल तर यात फारसे गूढ नाही. परंतु कर पतीने थकवला आणि अर्ज पत्नीने केला, किंवा याच्या उलट घडले, तर त्या थकबाकीची झळ अर्जदाराला कितपत लागावी, या प्रश्नाचे सरळ उत्तर अमेरिकी कायद्याच्या एकाही कलमात सापडत नाही. नागरिकत्वाचा कायदा माणसे एकेक करून पारखतो, करकायदा मात्र पुष्कळदा जोडप्याला मिळून एकच देणेकरी ठरवतो, आणि या दोन पद्धतींच्या सांध्यावर अर्जदार उभा असतो.

चारित्र्याची अट अमेरिकी प्रजासत्ताकाइतकीच जुनी आहे. १७९० च्या पहिल्या नागरिकत्व कायद्याने हा हक्क केवळ स्वतंत्र गोऱ्या व्यक्तींपुरता मर्यादित ठेवला आणि दोन वर्षांच्या वास्तव्यासोबत चांगल्या चारित्र्याची अट घातली; १७९५ च्या कायद्याने वास्तव्याची मुदत पाच वर्षांवर नेली व चारित्र्याला ‘नैतिक’ हे विशेषण जोडले. आज लागू असलेल्या १९५२ च्या कायद्यात चारित्र्याला बाधक ठरणाऱ्या कृत्यांची यादी दिलेली आहे, पण ती यादी परिपूर्ण नाही. तीत न बसणाऱ्या कारणावरूनही अधिकारी अर्जदाराला अपात्र ठरवू शकतो. कराची थकबाकी या मोकळ्या जागेतून आत येते. कितीपासून पुढची थकबाकी चारित्र्याला बाधक मानावी, याचा आकडा कायदा देत नाही, आणि ती नेमकी कोणाच्या हातून झालेली असावी लागते, याचाही स्वतंत्र ऊहापोह करत नाही.

या मौनाचे मूळ शोधू गेल्यास दोन कायद्यांचा परस्परविरुद्ध दिशांनी झालेला प्रवास दिसतो. १८५५ च्या कायद्यानुसार अमेरिकी नागरिकाशी लग्न करणारी परदेशी स्त्री, नागरिकत्वास अन्यथा पात्र असल्यास, आपोआप नागरिक होत असे. तर १९०७ च्या कायद्यानुसार परदेशी पुरुषाशी लग्न करणारी अमेरिकी स्त्री आपले नागरिकत्व गमावत असे, आणि १९१५ मध्ये मॅकेन्झी विरुद्ध हेअर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे नागरिकत्वहरण वैध ठरवले. पत्नीची कायदेशीर ओळख पतीच्या ओळखीत विलीन होते, ही त्यामागची जुनी धारणा होती. १९२२ च्या केबल कायद्याने ती मोडून विवाहित स्त्रीचे नागरिकत्व तत्त्वतः स्वतंत्र केले. ही सुटका अपुरी होती, कारण नागरिकत्वास अपात्र मानलेल्या वंशाच्या पुरुषाशी विवाह केल्यास स्त्रीचे नागरिकत्व तरीही जात असे आणि १९२३ च्या भगतसिंग थिंड खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर भारतीय पुरुष याच वर्गात मोडत होते. तथापि कायद्याची दिशा मात्र निश्चित झाली होती.

याच काळात करकायदा उलट दिशेने चालला होता. पतिपत्नींनी मिळून एकच विवरणपत्र भरण्याची मुभा १९१८ मध्ये मिळाली. अशा संयुक्त विवरणपत्रावरील कराला दोघेही संयुक्तपणे आणि पृथकपणे जबाबदार असतील, म्हणजे सरकार संपूर्ण रक्कम दोघांपैकी कोणा एकाकडूनही वसूल करू शकेल, हे १९३८ मध्ये कायद्यात स्पष्ट झाले. आणि १९४८ मध्ये दोघांचे एकत्रित उत्पन्न निम्मे-निम्मे धरून कर आकारण्याची सवलत मिळाल्यावर संयुक्त विवरणपत्र हाच विवाहितांचा राजमार्ग झाला. नागरिकत्वाच्या कायद्याने पतिपत्नींची ज्या काळात फारकत केली, त्याच काळात करकायद्याने त्यांची गाठ पक्की बांधली, आणि जोडीदाराच्या थकबाकीचा प्रश्न या विसंगतीतून जन्मला.

भारतातून गेलेल्या जोडप्यांना ही गाठ विशेष अनोळखी असते. भारतात प्राप्तिकराची आकारणी व्यक्तीनिहाय होते. पतीचे पॅन वेगळे, पत्नीचे वेगळे, आणि पतीच्या थकबाकीची नोटीस सहसा पत्नीच्या नावे येत नाही. याला ठळक अपवाद गोव्याचा आहे. पोर्तुगीज नागरी संहितेखालील वैवाहिक सामाईक मालमत्तेची पद्धत तेथे चालत आली असल्याने १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात कलम ५-अ घालण्यात आले आणि त्यानुसार पगाराखेरीज इतर उत्पन्न पती व पत्नी यांच्यात समसमान विभागून प्रत्येकाच्या नावे आकारले जाऊ लागले. कॅलिफोर्निया, टेक्सास, वॉशिंग्टन यांच्यासह अमेरिकेतील नऊ राज्यांत सामाईक मालमत्तेचे असेच, किंबहुना पगारालाही कवेत घेणारे, तत्त्व लागू आहे. त्यामुळे पणजी-मडगावच्या कुटुंबाला जे तत्त्व परिचयाचे असते, ते पुण्या-नागपुरातून थेट सॅन होजे किंवा डॅलसला पोहोचलेल्या जोडप्याला अमेरिकेतच पहिल्यांदा भेटते.

जोडीदाराची थकबाकी हा शब्दप्रयोग सरसकट वापरला जात असला, तरी तीत तीन वेगळ्या प्रकारची देणी मिसळलेली असतात. पहिला प्रकार निव्वळ जोडीदाराच्या देण्याचा: विवाहापूर्वीचा कर, किंवा विवाहानंतर त्याने स्वतंत्र विवरणपत्र भरून थकवलेला कर. हे देणे अर्जदाराचे नसते. पुढे दोघांनी संयुक्त विवरणपत्र भरल्यास त्यावरील परतावा सरकार या जुन्या देण्यापोटी वळता करून घेऊ शकते. अशा वेळी दुसऱ्या जोडीदाराला ८३७९ क्रमांकाचा फॉर्म भरून आपला वाटा परत मागता येतो. दुसरा प्रकार संयुक्त विवरणपत्रावरील देण्याचा, आणि उत्पन्न कोणी कमावले याची पर्वा न करता ते पूर्णतः अर्जदाराचेही असते. घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात हा कर पतीने भरावा असे लिहिलेले असले, तरी त्या वाटणीत सामील नसलेल्या आयआरएस या केंद्रीय करखात्यावर ते बंधन येत नाही.

तिसरा प्रकार सामाईक मालमत्तेच्या राज्यांतला असून तो सर्वांत फसवा आहे. तेथे पतिपत्नींनी वेगवेगळी विवरणपत्रे भरली, तरी सामाईक उत्पन्नाचा निम्मा हिस्सा प्रत्येकाने आपला म्हणून दाखवावा लागतो. स्वतः एक डॉलरही न कमावणाऱ्या गृहिणीच्या पतीने विवरणपत्रच भरले नसेल, तर त्याच्या पगारातील निम्मी रक्कम कायद्याच्या दृष्टीने तिचे न दाखवलेले उत्पन्न ठरू शकते. लुइझियानातील युनायटेड स्टेट्स विरुद्ध मिचेल या खटल्यात १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पत्नीला अशा निम्म्या हिश्श्यावरील कराला व्यक्तिशः जबाबदार धरले होते. यातून सुटकेची तरतूद करकायद्यात आहे, पण ती मागावी लागते, आणि मागण्यासाठी आधी अशी जबाबदारी आहे हे ठाऊक असावे लागते.

हे भेद नागरिकत्वाच्या अर्जात, म्हणजे एन-४०० या फॉर्मवर, एका छोट्या प्रश्नात एकवटतात: केंद्र, राज्य किंवा स्थानिक शासनाचा मुदत उलटलेला कर आपण देणे आहात काय? प्रश्न अर्जदारापुरता आहे; जोडीदाराचा त्यात उल्लेख नाही. पहिल्या प्रकारच्या देण्याबाबत ‘नाही’ हे उत्तर खरे असते. संयुक्त देण्याबाबत मात्र, ‘तो कर यांच्या धंद्याचा, माझा नव्हे’ असा विचार करून दिलेले ‘नाही’ हे उत्तर वस्तुस्थितीला सोडून असते, आणि मुलाखतीच्या वेळी अधिकारी तोच प्रश्न शपथेवर पुन्हा विचारतो. नागरिकत्व मिळवण्याच्या हेतूने शपथेवर दिलेली खोटी तोंडी साक्ष चारित्र्याला थेट बाधक ठरते, मग ती बाब निर्णायक महत्त्वाची असो वा नसो, असे १९८८ च्या कुंगिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. खऱ्या गैरसमजातून दिलेले चुकीचे उत्तर या व्याख्येत बसत नाही. तरीही तो गैरसमज खरा होता हे अधिकाऱ्याला पटवण्याचे काम अर्जदारालाच करावे लागते. थकबाकी कबूल करून करखात्याशी झालेला हप्त्यांचा करार व हप्ते नियमित भरल्याची कागदपत्रे जोडणाऱ्या अर्जदाराला चांगले चारित्र्य सिद्ध करता येते, असे शासनाची धोरणपुस्तिका सांगते. म्हणजे देणे असण्यापेक्षा ते लपवणे अर्जाला अधिक घातक ठरू शकते.

मराठी कुटुंबांत हे देणे पुष्कळदा बँकेतील ठेवींमधून उगवते. अनिवासी भारतीयाच्या एनआरई खात्यातील मुदत ठेवीवरचे व्याज भारतात करमुक्त असते. अमेरिकेत मात्र कायम वास्तव्य करणाऱ्याला जगभरातील उत्पन्नावर कर द्यावा लागत असल्याने तेच व्याज विवरणपत्रात दाखवावे लागते, शिवाय परदेशी खात्यांतील एकूण शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरपलीकडे गेली तर तिची स्वतंत्र माहिती कळवावी लागते. पतीने गावाकडच्या बँकेत ठेव ठेवली, भारतात करमुक्त म्हणून ती दाखवली नाही, आणि पत्नीने संयुक्त विवरणपत्रावर न वाचता सही केली, की न दाखवलेल्या व्याजावरील कर, दंड आणि त्यावरचे व्याज या सर्वांत तिचा सहभाग होतो. भारत आणि अमेरिका यांच्यात २०१५ मध्ये खात्यांच्या माहितीच्या देवाणघेवाणीचा करार झालेला असल्याने अशी ठेव अज्ञात राहील, हा भरवसाही आता धरता येत नाही.

संयुक्त विवरणपत्र टाळावे, तर विवाहाच्या आधारे तीन वर्षांत अर्ज करणाऱ्यापुढे वेगळाच पेच उभा राहतो. अशा अर्जदाराला सहजीवन खरे असल्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि संयुक्त विवरणपत्रांच्या अधिकृत प्रती हा त्यातील वजनदार पुरावा मानला जातो. जोडीदाराच्या देण्यापासून दूर राहण्यासाठी ‘विवाहित, पण स्वतंत्र विवरणपत्र’ हा पर्याय निवडणे पूर्णपणे कायदेशीर आहे. मात्र मग सामाईक बँक खाते, घराचा भाडेकरार, विमा अशा अन्य कागदांनी सहजीवन दाखवावे लागते. एकच कागद विवाह सिद्ध करतो आणि देण्यातही ओढतो, त्यामुळे सावध राहणाऱ्या जोडीदाराच्या विवाहाविषयीच प्रश्न विचारले जाण्याची शक्यता निर्माण होते. या भीतीने विवाहित असूनही ‘अविवाहित’ म्हणून विवरणपत्र भरणे हा मात्र मार्गच नव्हे. ते सरळसरळ खोटे विधान होय.

येथे एक आक्षेप गंभीरपणे विचारात घ्यायला हवा. संयुक्त विवरणपत्राने मिळणारी सवलत दोघे उपभोगतात, थकवलेल्या पैशावर घर दोघांचे चालते. मग जबाबदारी तेवढी एकाची कशी? देण्याच्या वसुलीपुरता हा आक्षेप बिनतोड आहे. चारित्र्याच्या बाबतीत मात्र तो लागू पडत नाही, कारण चारित्र्याचा न्याय माहिती, हेतू आणि कृती यांवरून करायचा असतो. दोषसिद्धीच्या प्रसंगी अमेरिकी कायदा हे पथ्य पाळतोही. २०१२ च्या कावाशिमा विरुद्ध होल्डर या खटल्यात कॅलिफोर्नियातील एका जपानी दांपत्यापुढे करगुन्ह्यामुळे देशाबाहेर काढले जाण्याची वेळ आली, तेव्हा पतीवर खोटे विवरणपत्र जाणूनबुजून सादर केल्याची आणि पत्नीवर ते तयार करण्यास साहाय्य केल्याची, अशा दोन वेगळ्या दोषसिद्धी होत्या. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दोघांच्याही विरोधात, सहा विरुद्ध तीन असा गेला, पण प्रत्येकाची गणना ज्याच्या-त्याच्या कृत्यावरून झाली. गंभीर गुन्ह्यात ही विभागणी होत असेल, तर निव्वळ थकबाकीत ती न होण्याचे कारण नाही.

शिवाय करकायद्यानेच स्वतःच्या कठोरपणावर उतारा शोधलेला आहे. जोडीदाराच्या लबाडीची कल्पना नसलेल्या व्यक्तीला संयुक्त देण्यातून मुक्त करणारी ‘निरपराध जोडीदार’ ही सवलत १९७१ मध्ये आली आणि १९९८ मध्ये ती व्यापक झाली. तिचा निर्णय करताना सवलत मागणाऱ्याला चूक माहीत होती काय, त्या चुकीचा ठळक लाभ मिळाला काय, घरात त्या व्यक्तीचा छळ किंवा आर्थिक कोंडमारा होत होता काय, हे पाहिले जाते. २०१५ च्या कायद्याने मोठी थकबाकी असलेल्या नागरिकाचा पासपोर्ट रोखण्याची तरतूद केली, तेव्हा ही सवलत मागणाऱ्याचे देणे त्या कारवाईतून स्पष्टपणे वगळण्यात आले. म्हणजे जी निर्दोषता नागरिकाचा पासपोर्ट वाचवते, तिला नागरिकत्व मागणाऱ्याच्या कसोटीत मात्र नावानिशी स्थान नाही. तेथे ती बेकायदा कृत्यामागची सौम्य करणारी परिस्थिती म्हणून मांडावी लागते आणि ती मानायची की नाही हे एका अधिकाऱ्याच्या मतावर सोपवलेले असते. १५ ऑगस्ट २०२५ च्या धोरणपत्राने अधिकाऱ्यांना अर्जदाराच्या चारित्र्याचा समग्र विचार करण्यास सांगून करभरणी व आर्थिक जबाबदारी यांची गणना त्याच्या जमेच्या बाजूंत केली, त्यामुळे तर अशा स्पष्ट तरतुदीची गरज अधिकच वाढली आहे.

न्याय्य कसोटी यातूनच हाती लागते. देणे कोणाच्या नावावर आहे, एवढे पाहून थांबू नये. अर्जदाराला ते केव्हा कळले आणि कळल्यावर त्याने काय केले, हे तपासावे. कळल्यानंतरही गप्प बसणाऱ्याला जोडीदाराची ढाल मिळू नये, आणि कळताच आकारणीची प्रत मागवून हप्ते बांधून घेणाऱ्या, किंवा निरपराध जोडीदार म्हणून दाद मागणाऱ्या व्यक्तीच्या चारित्र्यावर दुसऱ्याच्या हिशेबाचा डाग लागू नये. पासपोर्टच्या कायद्यातील अपवाद नागरिकत्वाच्या नियमांत आणणे हे त्यासाठी पुरेसे व सोपे पाऊल ठरेल. तोपर्यंत संयुक्त विवरणपत्रावरील दुसरी सही ही घरगुती औपचारिकता नसून स्वतंत्र व्यक्तीने दिलेली कायदेशीर ग्वाही आहे, याची जाणीव ठेवूनच ती करणे इष्ट होय.