प्रायमरच्या आधीचे चार तास

रानशेतमध्ये कुणी विचारलं की काय काम करता, तर "रंगकामाचं" एवढं सांगून भागत नाही. डहाणू तालुक्यात रंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर दोन गोष्टी येतात: दिवाळीआधी घराला दिलेला डिस्टेंपर, नाहीतर वारली चित्रं. माझं काम तिसरंच आहे. कारखान्यांतले पाइपरॅक, टाक्या, पुलांचे गर्डर अशा लोखंडी सांगाड्यांवर गंजापासून बचावासाठी जे लेप चढवतात, त्या कामांचं मी नियोजन करतो. कुठल्या दिवशी कुठलं स्कॅफोल्डिंग उभं राहील, ब्लास्टिंगचे किती नोझल चालतील, रंग किती लागेल, कुठल्या टप्प्यावर कोण तपासेल, हे सगळं आधी कागदावर मांडायचं. ऐकायला रुक्ष वाटेल. पण प्रामाणिकपणा नेमका कुठे राहतो, माणसाच्या स्वभावात की आणखी कुठे, या प्रश्नाशी माझी गाठ याच कागदांनी घालून दिली.

आधी थोडं तांत्रिक सांगावं लागेल. समुद्राकाठच्या खाऱ्या, दमट हवेत लोखंड टिकवायचं तर साधारण तीन थर देतात. तळाला जस्तयुक्त इपॉक्सी प्रायमर, मध्ये इपॉक्सीचा जाड थर आणि वर उन्हाला तोंड देणारा पॉलियुरेथेनचा थर. सगळे मिळून जाडी भरते २५० ते ३२० मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरचे चारेक केस एकावर एक ठेवले तर होईल तेवढी. एवढ्याशा जाडीवर पंधरा-पंचवीस वर्षांचा भरवसा ठेवायचा असतो.

यात खरी मेख तळाशी आहे. जस्त लोखंडाला वाचवतं ते स्वतः झिजून. ओलावा आणि मीठ आलं की आधी जस्त खर्ची पडतं आणि लोखंड शाबूत राहतं. पण त्यासाठी जस्ताचा लोखंडाशी थेट स्पर्श हवा. मध्ये गंजाचा, धुळीचा किंवा जुन्या पापुद्र्याचा पडदा राहिला, तर ते महागडं जस्त म्हणजे नुसता करडा रंग. म्हणून आधी दाबाच्या हवेने ग्रिटचा मारा करून लोखंड जवळजवळ पांढरं होईपर्यंत साफ करतात. आमच्या भाषेत हे 'एसए टू अँड हाफ'. असं उघडं झालेलं लोखंड हवेला फार हळवं असतं. किनाऱ्यावर ते काही तासांत नारिंगी पडू लागतं. म्हणून बहुतेक कामांवर नियम असतो की ब्लास्टिंगनंतर चार तासांच्या आत प्रायमर चढला पाहिजे. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर नको आणि लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी जास्त हवं.

या चार तासांत जे होतं ते नंतर कधीच दिसत नाही. प्रायमर चढला की चांगलं लोखंड आणि नारिंगी पडलेलं लोखंड यांत डोळ्याला काही फरक उरत नाही. जाडी मोजायचं यंत्र दोन्हीकडे सारखाच आकडा दाखवतं. वरचा थर दोन्हीकडे सारखाच चकाकतो. बिल पास होतं, सेक्युरिटी डिपॉझिट सुटतं. फोड येतात ते तीन-चार वर्षांनी, हमीची मुदत संपल्यावर. तोवर ठेकेदार दुसऱ्या राज्यात, सुपरवायझर दुसऱ्या कंपनीत आणि ब्लास्टिंग करणारा पोरगा बहुधा गुजरातेत. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण रंगकामाला जितकी लागू पडते, तितकी क्वचितच दुसऱ्या कशाला लागू पडत असेल.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये गायजीसच्या अंगठीची गोष्ट आहे. अंगठी फिरवली की माणूस अदृश्य होतो. प्रश्न असा, की पकडलं जाण्याची भीतीच नसेल तर माणूस न्यायाने का वागेल? आमच्या धंद्यात ही अंगठी वीस लिटरच्या डब्यात मिळते. फरक एवढाच, की इथे माणूस अदृश्य होत नाही, त्याचं काम होतं.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे: प्रामाणिक माणसं नेमा. टूलबॉक्स मीटिंग घ्या, शपथा द्या, 'क्वालिटी हीच पूजा' अशी पोस्टरं लावा. मला हे उत्तर अपुरं वाटतं. का, ते एका कामाच्या आधाराने सांगतो.

किनाऱ्याजवळचा एक कारखाना होता. मी तेव्हा तपासणीच्या बाजूला होतो. पाइपरॅकचं काम जूनच्या पहिल्या आठवड्यात आलं, कारण ऑर्डर उशिरा निघाली होती आणि शटडाउनची तारीख हलणारी नव्हती. दोन पाळ्यांत काम चाललं होतं. रात्री ब्लास्टिंग, पहाटे प्रायमर. पहाटे साडेचारला तलासरीकडचा एक तरुण ब्लास्टर मला म्हणाला, "साहेब, फडकं फिरवून बघा." गर्डरच्या खालच्या फ्लँजवर दहिवर जमलं होतं. पांढरं फडकं हळदीसारखं पिवळं होऊन आलं. माझ्या मीटरवर आर्द्रता ९१ टक्के होती. सुपरवायझरच्या वहीत त्याच वेळेची नोंद होती ७८. मी माझा आकडा लिहून 'पुन्हा ब्लास्टिंग आवश्यक' असा शेरा दिला. सकाळी वरून फोन आला आणि भाग मोकळा केला गेला. शेरा कागदावर राहिला, रंग लोखंडावर चढला.

यात खोटं कोण बोललं? सुपरवायझर, हे उघड आहे. त्याने ९१ च्या जागी ७८ लिहिले. पण तो माणूस मी त्याआधी जानेवारीतल्या एका कामावर पाहिला होता. तिथे त्याने स्वतःहून एक अख्खी रांग पुन्हा ब्लास्ट करायला लावली होती. पाच महिन्यांत त्याचं चारित्र्य बदललं नव्हतं. बदललं होतं वेळापत्रक. जानेवारीच्या कामात दर आठवड्याला एक दिवस राखीव होता. जूनच्या कामाचा बार चार्ट फेब्रुवारीत, एसी ऑफिसात बसून बनवला होता आणि त्यात पाऊस नव्हता, दहिवर नव्हतं, थांबण्यासाठी एक तास नव्हता. त्या चार्टवर खरा आकडा लिहायला जागाच नव्हती. ७८ हा आकडा चार महिने आधी ठरला होता, सुपरवायझरने तो फक्त वहीत उतरवला.

मला म्हणायचं आहे ते एवढंच. आपण प्रामाणिकपणाला माणसाचा गुण मानतो आणि तो शेवटच्या माणसाकडे मागतो, ज्याच्या हातात नोझल किंवा ब्रश आहे त्याच्याकडे. पण खरं बोलायला वेळ लागतो, पैसे लागतात, आणि हा वेळ नि पैसा आधीच कुणीतरी वाटून टाकलेला असतो. ज्या योजनेत थांबायला सवड नाही, ती योजना खोटं बोलण्याचा हुकूमच असते. फक्त त्या हुकमावर कुणाची सही नसते.

पैसे देण्याची रीत पाहिली की हे आणखी स्पष्ट होतं. बहुतेक ठेक्यांत बिल होतं ते तयार रंगाच्या चौरस मीटरवर. ब्लास्टिंग त्यातच धरलेलं. म्हणजे आर्द्रता उतरण्याची वाट पाहण्यात गेलेला तास ठेकेदाराच्या खिशातून जातो, आणि रोजंदारीवरच्या मजुराच्या ताटातून. कागदावर 'होल्ड पॉइंट' असतो. तपासनिसाची सही झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. पण थांबण्याचे पैसे मिळत नसतील, तर होल्ड पॉइंटवर जो खरोखर थांबतो तो सगळ्यांचा शत्रू ठरतो. त्या तरुण ब्लास्टरने मला फडकं फिरवायला सांगितलं, तेव्हा तो स्वतःची रात्रपाळी वाया घालवत होता. एकट्या माणसाने इतकं शूर असावं अशी अपेक्षा धरून पूल बांधू नयेत.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही. सगळीकडे एसए टू अँड हाफ परवडत नाही. पावसाळ्यापूर्वी पूल उघडला नाही तर पलीकडच्या गावांचे हाल होतात. उत्तमाच्या हट्टापायी चांगलं काम अडवून ठेवणं हाही एक अन्यायच आहे. हे मला मान्य आहे. पण त्यावर धंद्यात मार्ग आहेत. ग्राइंडर आणि तारेच्या ब्रशने साफ करून, थोडा गंज सहन करणारा इपॉक्सी वापरता येतो. तो कमी टिकतो. मग तसं लिहावं: इतक्या वर्षांनी पुन्हा तपासा, इतक्या वर्षांनी पुन्हा रंगवा. कमी दर्जाचं काम हे पाप नव्हे. पाप आहे ते वहीतलं लोखंड आणि जागेवरचं लोखंड यांच्यातल्या अंतरात. पाच वर्षांचं काम पाच वर्षांचं म्हणून दिलं, तर पुढचा माणूस सावध राहतो. तेच काम पंधरा वर्षांचं म्हणून दिलं, तर आपण त्याची सावधगिरी चोरलेली असते.

हा पुढचा माणूस कोण, हे बऱ्याचदा फार उशिरा कळतं. १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी मुंबईत सीएसएमटीजवळचा हिमालय पूल कोसळला आणि घरी निघालेली माणसं मेली. त्याआधी झालेल्या स्ट्रक्चरल ऑडिटने किरकोळ दुरुस्ती सुचवून तो वापरायोग्य ठरवला होता. मालवणला राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिनी, उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला पडला. खाऱ्या वाऱ्यापावसाने नटबोल्ट गंजू लागल्याचं पत्र सार्वजनिक बांधकाम खात्याकडून काही दिवस आधी गेलं होतं. या घटनांत दोषी कोण, हे ठरवणं चौकशीचं आणि न्यायालयाचं काम. माझ्यासारख्याची नजर तारखांवर जाते. एकीकडे कागदावर दिलेला भरवसा, दुसरीकडे गंजाची स्वतःची तारीख, जी कुणाला विचारून ठरत नाही.

या धंद्यात झाकलेली आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्याविषयी न बोलता प्रामाणिकपणावर बोलणं ढोंग होईल. लोखंड पांढरं करण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे नदीची वाळू. तिच्यातल्या सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी कारखान्यांतल्या ब्लास्टिंगमध्ये वाळू बंद केली. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिस हा कळवणं बंधनकारक असलेला रोग म्हणून नोंदलेला होता. कॉपर स्लॅग, गार्नेट, स्टील ग्रिट हे पर्याय आहेत. बाहेरून ताजी हवा पुरवणारं हेल्मेट आहे. तरी छोट्या ठेक्यांवर तोंडाला गमछा बांधून वाळू मारणारी पोरं आजही दिसतात. तिथे पृष्ठभाग अगदी नियमात बसतो, चार तासांत प्रायमर चढतो, वहीतला आकडाही खरा असतो. पण लोखंडाचं आयुष्य वाढवताना एका माणसाचं आयुष्य कमी झालेलं असतं आणि त्याचा रकाना कुठल्याच वहीत नसतो. हाही नियोजनाचाच निर्णय आहे. हेल्मेटचे पैसे अंदाजपत्रकात नव्हते, ते कुणीतरी काढले होते.

आमच्या भागातल्या त्या दुसऱ्या रंगाकडे मी अलीकडे वेगळ्या नजरेने पाहतो. वारली घरात लग्नाचा चौक काढायचा असतो तेव्हा कुडाची भिंत आधी शेणामातीने सारवतात, गेरू फिरवतात, ती वाळू देतात. मग सुवासिनी तांदळाच्या पिठाने पालघटाचा चौक रेखतात आणि धवलेरी गाणी म्हणते. ते पीठ भिंतीला फार काळ धरून राहत नाही. धुराने काळवंडतं, पोपडे निघतात. त्याचं कुणाला दुःख नसतं, कारण ते टिकेल असं कुणी म्हटलेलंच नसतं. पुढच्या लग्नात पुन्हा सारवण, पुन्हा चौक. मी यात आदिवासींचं भोळं शहाणपण वगैरे शोधत नाही. पॅरिसचा आयफेल टॉवरही १८८९ पासून साधारण दर सात वर्षांनी रंगवतात, आणि दर वेळी सुमारे ६० टन रंग लागतो. दोन्हीकडे एकच गोष्ट आहे. रंग जाणार हे आधी कबूल केलं आहे आणि त्या कबुलीप्रमाणे पुढच्या वेळेची सोय ठेवली आहे. भिंत वाळायचा वेळ लग्नाच्या तयारीतच धरलेला असतो.

आता याच पट्ट्यात फार मोठं लोखंड उभं राहत आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग पालघर जिल्ह्यातून जातो. वाढवण बंदराला २०२४ मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, मच्छिमारांचा विरोध कायम असताना. ही कामं हवीत की नकोत हा वाद वेगळा आणि मोठा आहे. पण जे उभं राहील त्यावर रंग चढेल, आणि आपल्या मुलांना कित्येक दशकं त्या रंगाखाली काय आहे ते न पाहता त्यावर विश्वास ठेवावा लागेल. अशा वेळी रंगाची कंपनी कुठली, थर किती, हे प्रश्न विचारले जातात. ते विचारावेतच. त्यांच्या आधी मी दुसराच एक प्रश्न विचारतो आणि माझ्या आराखड्यांत तो वेगळी ओळ करून लिहितो: ऑक्टोबर ते मे या कोरड्या महिन्यांतही काम थांबवण्यासाठी किती दिवस ठेवलेत, आणि त्या दिवसांची मजुरी कोण देणार? बैठकीत बहुतेक वेळा याच ओळीवर पहिली काट मारायला हात पुढे येतो. मी तेव्हा एवढंच म्हणतो, की ही ओळ काढायची असेल तर हरकत नाही, मात्र शेवटच्या पानावरच्या वर्षांचा आकडाही याच बैठकीत, याच पेनाने कमी करूया. मग खोलीत थोडा वेळ कुणी बोलत नाही. कधी ओळ राहते. कधी आकडा बदलतो.