पाचातला एक



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक १३ ते १६

गेल्या आठवड्यात रोजचं चिंतन चुकलं, त्याबद्दल क्षमस्व. मी कोकणात गावी होतो, खिडकी बसवत होतो. रजा टाकताना मॅनेजरला कारण सांगितलं तर त्याला वाटलं मी लॅपटॉपबद्दल बोलतोय. पण खरीखुरी लाकडी खिडकी, आमच्या जुन्या घराच्या मधल्या खोलीतली.

ती बाबांची खिडकी. तिच्याखाली त्यांची खाट असायची. पडल्या पडल्या अंगण, तुळस आणि पलीकडचा रस्ता दिसायचा. चौकटीचा खालचा पट्टा वाळवीने खाल्ला होता, एक झडप बिजागरीतून सुटलं होतं. बाबा दर वर्षी म्हणायचे, "अरे, पावसाआधी ती खिडकी बघायला हवी." मी दर वर्षी म्हणायचो, "पुढच्या मे महिन्यात नक्की." असे तीन मे गेले. त्यांच्या शेवटच्या पावसाळ्यात तिथून एवढं पाणी आत यायला लागलं की आईने खिडकीवर निळी ताडपत्री ठोकली आणि खाट उचलून आतल्या बाजूला नेली. शेवटचे दोन महिने बाबांना बाहेरचं काहीच दिसलं नाही. समोर फक्त भिंत होती.

त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. या मे महिन्यात ठरवलं, खिडकी बदलायची आणि ती स्वतःच्या हाताने बदलायची. नवीन सागाची चौकट आमच्या वाडीतल्या सुतारकाकांनी करून दिली. बसवण्याचं काम मी घेतलं. इंजिनिअर माणूस, चार व्हिडिओ बघितले होते, अजून काय पाहिजे?

पहिल्याच दिवशी तोंडावर पडलो. जुनी चौकट भिंतीतून उपटायची नसते, हे मला माहीत होतं. वरच्या तुळईला टेकू दिला, चौकट मधोमध करवतीने कापली आणि तुकडे एकेक करून आत ओढून घेतले. इथपर्यंत झकास. पण नवीन चौकट आत जाईचना! माप मी पुण्याहून फोनवर दिलं होतं, मागे कधीतरी घेतलेलं, आणि तेही एकाच जागी, मधोमध. सुतारकाका ओटीवर बसून पान लावत होते. म्हणाले, "बाळा, जुन्या घराचं माप तीन जागी घ्यायचं. वर, मध्ये, खाली. आणि त्यातलं सगळ्यात लहान धरायचं. भिंत म्हातारी झाली की तीपण थोडी वाकते." खाली अर्धा इंच कमी होतं. भिंत जांभ्याची होती म्हणून वाचलो. जांभा छिन्नीने तासता येतो. दुपारभर तासत बसलो. तळहाताला फोड आले.

दुसऱ्या दिवशी चौकट उभी केली. भिंतीत जाणाऱ्या बाजूंना आधी डांबर लावलं, वाळवी आणि ओल लागू नये म्हणून. दोन्ही कर्ण मोजले. ते सारखे भरले तरच चौकट काटकोनात असते. मग प्रश्न आला ओळंब्याचा. तो बाबांच्या पत्र्याच्या पेटीत सापडला, दोरा नीट गुंडाळून वर गाठ मारलेला. ती गाठ सोडवायला मला वेळ लागला, एवढंच सांगतो. ओळंबा धरून, पाचरी मारून चौकट सरळ केली. लोखंडी होल्डफास्ट भिंतीत सिमेंटने पक्के केले. खालचा उंबरठा बाहेरच्या बाजूला किंचित उतरता ठेवला, आणि त्याच्या बाहेर आलेल्या कडेला खालून एक खाच मारली. पाणी त्या खाचेशी येऊन टपकतं, उलट भिंतीकडे येत नाही. नंतर सिमेंटला पाणी मारत राहायचं आणि पाचरींना हात लावायचा नाही. काकांची सक्त ताकीद होती.

पाचव्या दिवशी संध्याकाळी वळवाचा पाऊस आला. तो असा की अंगण दिसेना. मी आणि आई खिडकीसमोर उभे होतो. आत एक थेंब आला नाही. मी लगेच फोटो काढला आणि स्टेटसला टाकला, "स्वतः बसवलेली खिडकी!" धडाधड लाइक्स, "भारी रे" वगैरे. तेवढ्यात आई शांतपणे म्हणाली, "आता ह्यांची खाट परत इथे लावता आली असती हो."

तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरंच तेवढंच सुचलं. पण मी स्टेटस काढून टाकलं आणि रात्री झोप लागली नाही. ज्या हातांनी चार दिवसांत खिडकी बसवली, तेच हात तीन वर्षं रिकामे होते की! डोक्यात एकच वाक्य घुमत होतं, "हे मीच केलं." संध्याकाळी ते अभिमानाचं होतं. रात्री तेच अपराधाचं झालं.

सकाळी वाचनाला बसलो तर क्रमाने आलेले श्लोक हेच होते. भगवंत अर्जुनाला सांगतात, कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात: अधिष्ठान, कर्ता, वेगवेगळी करणं म्हणजे साधनं, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे प्रयत्न, आणि पाचवं दैव. भाष्यकार अधिष्ठान म्हणजे शरीर आणि करणं म्हणजे इंद्रियं असा अर्थ लावतात. मी ते जरा बाहेर, खिडकीपर्यंत ओढतोय, सांभाळून घ्या.

माझ्या खिडकीत अधिष्ठान होतं ती जांभ्याची भिंत, जिने स्वतःला तासू दिलं. करणं म्हणजे छिन्नी, करवत आणि बाबांचा ओळंबा. चेष्टा माझ्या एकट्याच्या नव्हत्या. काकांनी चौकट केली, आईने सिमेंटला पाणी मारलं. दैव म्हणजे सिमेंट धरेपर्यंत थांबलेला पाऊस. आणि कर्ता मी. पाचातला एक. "स्वतः बसवलेली" या शब्दांत मी चार जणांना खाऊन टाकलं होतं.

इथवर आपण नेहमी ऐकतो, अहंकार सोडा वगैरे. पण पंधरावा श्लोक पुढे जातो. शरीराने, वाणीने, मनाने माणूस जे कर्म करतो, ते योग्य असो वा अयोग्य, त्याला हीच पाच कारणं. अयोग्यसुद्धा! म्हणजे माझ्या न बसवलेल्या खिडकीलाही पाच कारणं होती. पुणे ते गाव हे अंतर, न मिळालेली रजा, एकदा माप घेऊन अर्धवट सोडलेलं काम, बाबांचं अचानक आलेलं आजारपण. आणि कर्ता मी, "पुढच्या मे महिन्यात" म्हणणारा.

आता इथे एक पळवाट आहे आणि ती मला लगेच दिसली. चार कारणं पुढे करायची आणि पाचव्याने त्यांच्यामागे लपायचं. "नशीबच तसं होतं." पण भगवंतांनी यादीतून कर्ता खोडलेला नाही. सोळाव्या श्लोकात ते एवढंच म्हणतात की जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. ऑफिसात सर्व्हर पडला की आपण पोस्टमॉर्टेम लिहितो. अनुभव असा की कारण कधी एकटं नसतं, चार-पाच गोष्टी एकत्र जुळून येतात. म्हणून कोणा एकाला फासावर द्यायचं नसतं. पण शेवटच्या तक्त्यात प्रत्येक कामासमोर एक नाव लिहावंच लागतं. ते नाव लिहिलं नाही तर सर्व्हर पुन्हा पडतो.

मी शून्य नाही आणि पाचही नाही. एक आहे. अभिमान मला पाच करतो, नुसता पश्चात्तापही पाचच करतो, आणि सबब मला शून्य करते. एक होऊन राहणं सगळ्यात अवघड आहे. पण माफी मागता येते ती तिथूनच. मी ती मागितली, त्याच खिडकीत उभं राहून. उत्तर आलं नाही. ओझं गेलं असंही म्हणणार नाही, पण आता ते माझ्या मापाचं आहे.

निघताना आईने स्वतःची खाट खिडकीखाली ओढून घेतली. म्हणाली, "स्वयंपाकघरातलं दारही जरा खाली घासतंय." मी "पुढच्या मे महिन्यात" म्हणालो नाही. गणपतीला जाणार आहे. माप या वेळी तीन जागी घेऊन ठेवलंय.

आजचा अभ्यास: घरातल्या मोठ्यांनी एकाहून जास्त वेळा सांगितलेलं एक काम आठवा आणि त्यासमोर तारीख लिहा. झालं की बाकीच्या चौघांना मनात नमस्कार करा.

राम कृष्ण हरी! 🙏