अव्हेलेबल

इंग्रजीतले काही शब्द आपल्याकडे पाहुणे म्हणून आले आणि घरजावई होऊन बसले. ‘अव्हेलेबल’ हा त्यांतलाच. बीडच्या बाजारात रिक्षा अव्हेलेबल असते, दवाखान्यात डॉक्टर अव्हेलेबल नसतात, आणि बँकेत साहेब नसणारच हे तर ग्राहक पायरी चढतानाच धरून चालतो.

या घरजावयाचे कुळ मी एकदा कोशात शोधले. लॅटिन ‘व्हालेरे’ म्हणजे बळकट असणे, मोलाचे असणे. व्हॅल्यू, व्हॅलिड ही त्याच घरची भावंडे. 15 व्या शतकात ‘अव्हेलेबल’चा अर्थ होता ‘उपयोगी पडणारा’. ‘हाताशी असलेला’ हा अर्थ त्याला 19 व्या शतकात चिकटला. आपला ‘उपलब्ध’ही ‘लाभ’चा सख्खा भाऊ, दोघेही ‘लभ्’ धातूचे. पण लाभ उडाला आणि ‘फॉर्म उपलब्ध आहेत’ ही पाटी तेवढी उरली! अरबीतून आलेला ‘हजर’ त्या मानाने प्रामाणिक. तो हजेरीपलीकडे काही कबूलच करत नाही. तरी आपण त्याला वजीर करून टाकले, ही गोष्ट वेगळी.

एकदा एक आजी पेन्शनच्या कामाला आल्या. मी म्हणालो, “आजी, साहेब अव्हेलेबल नाहीत.”

“आन् तू?”

“मी आहे की.”

“मंग कर सही.”

“सही साहेबांचीच लागते.”

आजींनी मला नखशिखांत न्याहाळले. “मंग तू काय कामाचा रं लेकरा?”

घ्या! कोशातला मूळ अर्थ आजींनी एका प्रश्नात गाठला होता.

नुसते असणे आणि उपयोगी पडणे यांतला फरक पैशाच्या बाबतीत बँक डोळ्यांत तेल घालून पाळते. खात्यात चेक भरला, तरी तो वटेपर्यंत ती रक्कम ‘अव्हेलेबल बॅलन्स’मध्ये धरत नाही. माणसांना ही शिस्त कोणी लावत नाही. पोरगे गणित घेऊन येते, तेव्हा बाप खुर्चीतच असतो, पण पेपरात बुडालेला. लेजरमध्ये बाप जमा. वटलेला मात्र नाही!

आता सहीचा अधिकार सगळ्यांनाच नसतो, हे खरे. पण “बसा आजी, साहेब तीनला येतील, तोवर तुमचे कागद पाहून ठेवतो,” एवढे वटायला कोणत्या अधिकाराची गरज आहे?

बीडजवळची खजाना विहीर पाहावी. अहमदनगरच्या निजामशाहीत, 16 व्या शतकात सलाबतखानाने ती बांधवली. दुष्काळातही तिचे पाणी हटत नाही, ही तिची ख्याती. पण नुसते पाणी काय, पाताळातही असते. तिचे मोल आहे ते जमिनीखालून शिवारापर्यंत काढलेल्या पाटात. पाणी आपले आपण उतारावरून शेतात जाते. शेताला विहिरीकडे अर्ज करावा लागत नाही. नाव खजाना, पण खिडकी नाही, टोकन नाही, आणि साहेबही नाहीत.